ॲडमिरल सोमण आणि पोरबंदरची रेघ



४ डिसेंबरला नौदल दिन असतो. त्या दिवशी वर्तमानपत्रांत १९७१ च्या कराचीवरील हल्ल्याची आठवण निघते. ती निघायलाच हवी. पण त्याआधी सहा वर्षे, १९६५ च्या युद्धात आपले नौदल काय करत होते, असे विचारले तर बहुतेक जण गप्प बसतात. आम्ही शिक्षकही वर्गात लाहोर आणि असल उत्तर सांगायचो, समुद्राकडे वळायचोच नाही. वास्तविक आपण भिवंडीकर. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी ताब्यात आल्यावर शिवाजी महाराजांनी आरमाराला सुरुवात केली ती आपल्याच खाडीच्या आधाराने. आज खाडीची जी दशा आहे ती पाहून हे कुणाला खरे वाटणार नाही. असो.

त्या १९६५ च्या युद्धात नौदलप्रमुख होता एक मराठी माणूस: व्हाइस ॲडमिरल भास्कर सदाशिव सोमण. (तेव्हा प्रमुखाचा हुद्दा व्हाइस ॲडमिरलचाच असे. पूर्ण ॲडमिरल १९६८ पासून.) डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, तेव्हा ते आपल्या ताफ्याचे प्रमुख होते. त्या मोहिमेत पोर्तुगीजांची ‘अफोन्सो दे अल्बुकर्क’ ही युद्धनौका निकामी झाली आणि अंजदीव बेटावर उतरताना आपल्या नौदलाची सात माणसे गेली. पुढे ५ जून १९६२ रोजी कटारींच्या जागी सोमण प्रमुख झाले. काही महिन्यांतच चीनचे युद्ध झाले आणि हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, म्हणजे यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले. मंत्री कराडचे आणि नौदलप्रमुखही मराठी!

सोमणांच्या नौदलाची शान म्हणजे विमानवाहू ‘विक्रांत’. ती १९६१ मध्येच आपल्याकडे आली. त्याच वर्षी १८ मे रोजी लेफ्टनंट ताहिलियानी यांनी तिच्यावर सी हॉक हे जेट विमान उतरवले. हालत्या जहाजावरच्या एवढ्याशा पट्टीवर, खाली दोर बांधलेले, विमानाचा आकडा त्यात अडकला तर ठीक! हेच ताहिलियानी १९८४ मध्ये नौदलप्रमुख झाले, त्या जागी पोचलेले पहिले नौदल वैमानिक. सोमण मात्र जुन्या पिढीतले, जहाजांवर घडलेले. त्यांच्या उमेदवारीच्या काळात आपल्या नौदलात वैमानिकच नव्हते.

आणि नेमके युद्ध आले तेव्हा विक्रांत मुंबईच्या गोदीत दुरुस्तीला. तिची विमाने जमिनीवर. आणखीही काही जहाजे दुरुस्तीत होती. उरलेल्या ताफ्यातला मोठा भाग सप्टेंबरच्या सुरुवातीला बंगालच्या उपसागरात होता. पाकिस्तानकडे ‘गाझी’ ही पाणबुडी होती, आपल्याकडे एकही नाही. आपली पहिली पाणबुडी ‘कलवरी’ नौदलात दाखल झाली डिसेंबर १९६७ मध्ये. चीनच्या तडाख्यानंतर पैसा गेला तो भूदलाकडे आणि हवाई दलाकडे. शिवाय इंडोनेशियाचे सुकार्नो पाकिस्तानकडे झुकले होते, त्यामुळे अंदमान-निकोबारकडेही डोळा ठेवावा लागे.

हे सगळे एक वेळ समजू शकते. पण मग आला तो लेखी आदेश. संरक्षण मंत्रालयातल्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याच्या सहीचा. नौदलाने मुंबईपासून दोनशे मैलांपलीकडे जाऊ नये, आणि पोरबंदरच्या रेघेच्या उत्तरेला कारवाई करू नये. अपवाद फक्त शत्रूचा पाठलाग करण्याचा. नकाशा काढून बघा. पोरबंदरच्या उत्तरेला द्वारका, ओखा, कच्छ, आणि त्यापलीकडे कराची. म्हणजे जिथे लढायचे तिथेच जायचे नाही! सोमण चव्हाणांकडे गेले, पंतप्रधान शास्त्रीजींपर्यंत गेले. आदेश बदलला नाही.

७ सप्टेंबरच्या रात्री पाकिस्तानची सात जहाजे द्वारकेसमोर आली आणि तोफा डागून निघून गेली. बरेचसे गोळे मऊ जमिनीत रुतले, नुकसान थोडके. पण द्वारका म्हणजे चार धामांपैकी एक. लोकांना फार लागले ते. आपली ‘तलवार’ ही युद्धनौका त्या रात्री जवळच ओख्याला होती, यंत्राच्या दुरुस्तीसाठी थांबलेली. संसदेत प्रश्न झाले, आरमार झोपले होते का म्हणून. इकडे आमच्या आळीत त्या दिवसांत खिडक्यांना काळे कागद लावलेले, रस्त्यावर दिवा नाही. मी शाळकरी होतो. मोठी माणसे ओट्यावर बसून नौदलाला बोल लावत, हे मला पक्के आठवते. पोरबंदरची रेघ त्यांना कुणी सांगितली होती?

सोमण तेव्हा जाहीरपणे काही बोलले नाहीत. बोलता येत नव्हतेच. प्रमुखाने सरकारवर दोष टाकायचा नाही ही आपल्या सैन्याची रीत आहे, आणि शेजारच्या देशाकडे पाहिले की ती रीत किती मोलाची हे कळते. शास्त्री-चव्हाणांना युद्ध पसरू द्यायचे नव्हते, हेही मला पटते. रा. द. प्रधान हे चव्हाणांचे त्या वेळचे स्वीय सचिव. चव्हाणांच्या युद्धकाळातल्या डायरीवरून त्यांनी २००७ मध्ये पुस्तक काढले. आवड असणाऱ्यांनी जरूर वाचावे. पण माझे मत विचाराल, तर जहाजे कमी होती म्हणून जपून राहा असे सांगणे वेगळे आणि नकाशावर रेघ मारून हात बांधणे वेगळे. दुसऱ्या गोष्टीची किंमत सोमणांनी आणि त्यांच्या खलाशांनी मोजली, चुकार ठरून.

मार्च १९६६ मध्ये सोमण निवृत्त झाले. १९९५ मध्ये ते गेले.

१९७१ मध्ये नौदलप्रमुख होते ॲडमिरल नंदा. युद्ध व्हायच्या आधीच ते इंदिराजींना भेटले आणि त्यांनी सरळ विचारले, की नौदलाने कराचीवर हल्ला केला तर सरकारची राजकीय अडचण होईल का. इंदिराजींच्या उत्तराचा आशय असा होता, की युद्ध म्हणजे युद्ध. त्यानंतर ४ डिसेंबरला सकाळी विक्रांतवरून उडालेल्या विमानांनी कॉक्स बझारवर हल्ला चढवला, आणि त्याच रात्री आपल्या क्षेपणास्त्र नौका पोरबंदरची रेघ ओलांडून कराचीसमोर पोचल्या.