वायफाय नसलेल्या घरासाठी बेबी मॉनिटर: स्वस्तात घेताना काय बघायचं?

मागच्या उन्हाळ्यात ताई बाळंतपणासाठी माहेरी आली होती. आमचं घर कराडजवळच्या एका गावात आहे. जुनं घर, खाली सोपा आणि स्वयंपाकघर, वर माडी. बाळ दुपारी माडीवर झोपायचं. "तू इंजिनीअर ना, मग काहीतरी कर," असं आई म्हणाली म्हणून मी पुण्याहून एक वायफाय कॅमेरा पाठवला. आठवडाभर छान चाललं. मग एके दिवशी वळीव आला आणि लाईट गेली. राऊटर बंद पडला, कॅमेराही बंद पडला, पण ताईच्या मोबाइलवरच्या ॲपने शेवटचं चित्र तसंच धरून ठेवलं: शांत झोपलेली माझी भाची. स्क्रीनवर बाळ दिसतंय म्हटल्यावर कोण वर जाणार? पत्र्यावरच्या पावसात रडणं ऐकू येणंही शक्य नव्हतं. दहा-बारा मिनिटांनी आई खिडक्या लावायला वर गेली, तेव्हा पोरगी रडून रडून लालबुंद झाली होती.

झालं काहीच नाही. पण पगार सॉफ्टवेअरचा घेत असल्यामुळे मला हे जरा लागलं. बंद पडलेला मॉनिटर आणि झोपलेलं बाळ, दोन्ही सारखेच शांत असतात. म्हणून मॉनिटर निवडताना पहिला प्रश्न "चित्र किती स्पष्ट?" हा नाही. पहिला प्रश्न असा: हा बंद पडला तर मला सांगेल का?

"वायफायशिवाय" म्हणजे नक्की काय?

दुकानदार आणि शॉपिंग साइट्स हा शब्द कसाही वापरतात. काही कॅमेऱ्यांना इंटरनेट लागत नाही, पण घरात राऊटर लागतो. काहींना राऊटर लागत नाही, पण ते स्वतःचं वायफाय तयार करतात आणि तुमचा फोन त्याला जोडावा लागतो. आणि काहींचा वायफायशी काहीच संबंध नसतो. एक युनिट बाळाजवळ, दुसरं तुमच्याजवळ, आणि दोघं थेट एकमेकांशी बोलतात. आपण शोधतोय ते हे तिसरं. बॉक्सवर फोनच्या ॲपचं चित्र असेल तर तो बहुतेक पहिल्या दोनांपैकी आहे.

कल्पना काही नवी नाही. पहिला बेबी मॉनिटर १९३७ मध्ये अमेरिकेत झेनिथ कंपनीने आणला, नाव 'रेडिओ नर्स'. त्याचा सिग्नल घरातल्या विजेच्या वायरिंगमधूनच जायचा. म्हणजे वायफाय तर सोडाच, इंटरनेटचा जन्म व्हायच्या कितीतरी आधी हे काम चालू होतं.

फक्त आवाजाचा की चित्राचा?

बजेट कमी असेल तर माझं मत स्पष्ट आहे: आवाजाचा घ्या. चांगल्या आवाजाच्या मॉनिटरमध्ये बहुतेक वेळा 'डेक्ट' हे तंत्र असतं, म्हणजे घरातल्या कॉर्डलेस फोनचंच. त्याची फ्रिक्वेन्सी वायफायपेक्षा वेगळी असते, त्यामुळे शेजारच्या दहा राऊटरांचा त्याला त्रास नाही. शिवाय बॅटरी जास्त टिकते, कारण स्क्रीन पेटवायची नसते.

आणि आपल्याकडे एक गोष्ट आहे जी परदेशी रिव्ह्यूमध्ये कधीच सापडणार नाही: झोळी. बाळ झोळीत असेल तर कॅमेऱ्याला दिसतं काय, तर साडीचा कपडा! पाळणा हलता असेल तर बाळ चित्रात येतं-जातं. मच्छरदाणी असेल तर आणखी मजा. रात्री कॅमेरा इन्फ्रारेड दिव्यांवर बघतो. हा प्रकाश आपल्याला दिसत नाही, पण जाळीवर आपटून परत येतो आणि स्क्रीनवर नुसता पांढरा धुरळा दिसतो. माईकला यातल्या कशाचीच अडचण नाही.

चित्र हवंच असेल, म्हणजे बाळ पालथं पडायला लागलंय आणि सारखं बघावंसं वाटतं, तर 'एफएचएसएस' लिहिलेला, स्वतःची स्क्रीन असलेला मॉनिटर बघा. हा २.४ गिगाहर्ट्झवर चालतो, वायफाय आणि ब्लूटूथही तिथेच असतात. पण याची दोन युनिट्स दोघांनाच माहीत असलेल्या क्रमाने सतत चॅनल बदलत राहतात. एका चॅनलवर गर्दी असली तर पुढच्या क्षणी दुसऱ्यावर. बाहेरच्या कुणाला हा क्रम माहीत नसल्याने सहज डोकावताही येत नाही. जुन्या ॲनालॉग मॉनिटरचं तसं नव्हतं, शेजाऱ्याकडे तसाच सेट असला की तुमच्या घरातलं सगळं त्याला ऐकू यायचं. कुणी वापरलेला ॲनालॉग सेट फुकट दिला तरी घेऊ नका. (चॅनल बदलत राहण्याच्या या कल्पनेचं एक पेटंट १९४२ मध्ये हॉलिवूडची नटी हेडी लामार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांना मिळालं होतं. इंजिनीअरिंगच्या चार वर्षांत हे मला कुणी सांगितलं नाही.)

खरी परीक्षा: बंद करून बघा

मॉनिटर घरी आला की पहिल्याच दिवशी हे करा. बाळाकडचं युनिट चालू असताना त्याची वायर खेचून काढा. आता तुमच्या हातातलं युनिट किती सेकंदांनी ओरडतं ते मोजा. चांगल्या सेटमध्ये दोन्ही युनिट्स शांत असतानाही ठरावीक वेळाने एकमेकांना "आहेस ना?" असं विचारत असतात. उत्तर आलं नाही की बीप वाजते. सर्व्हर चालवणारे आम्ही लोक याला 'हार्टबीट' म्हणतो. अर्ध्या-एक मिनिटात बीप आली तर ठीक. नुसता कोपऱ्यातला छोटा दिवा लाल झाला तर ते पुरेसं नाही, कारण तुम्ही पोळ्या लाटताना दिव्याकडे बघत नसता. काहीच झालं नाही तर सरळ परत करा. म्हणूनच विकत घेण्याआधी बघा की साइटवर पैसे परत मिळतात की फक्त बदलून मिळतं. स्वस्त सेटमध्ये हा फरक फार महत्त्वाचा ठरतो.

दुसरी चाचणी पंख्याची. बरेच मॉनिटर शांतता असताना स्पीकर किंवा स्क्रीन बंद ठेवतात आणि आवाज आला की जागे होतात. बॉक्सवर याला 'व्हॉक्स' किंवा 'इको मोड' म्हणतात. आपल्याकडे पाचवर गरगरणारा पंखा असतो. सेन्सिटिव्हिटी जास्त ठेवली तर पंख्यानेच मॉनिटर दिवसभर जागा राहतो, कमी ठेवली तर बाळाचं सुरुवातीचं कुरकुरणं निसटतं. पंखा चालू ठेवून, बाळाच्या जागी बसून हळू आवाजात बोला आणि मधली सेटिंग शोधा. एकदा स्वयंपाकघरात मिक्सर लावूनही बघा की हातातल्या युनिटचा आवाज ऐकू येतो का. आवाजाबरोबर दिव्यांची रांग वर चढणारं मॉडेल असेल तर इथे त्याचा उपयोग होतो.

बॉक्सवरचे ३०० मीटर

हा आकडा मोकळ्या मैदानावरचा असतो. मध्ये विटांची भिंत, आरसीसी स्लॅब किंवा लोखंडी कपाट आलं की तो झपाट्याने खाली येतो. टू बीएचकेमध्ये याची काळजी करू नका, कुठलाही चालेल. बंगला, वाडा किंवा माडीचं घर असेल तर मात्र दार लावून, खाली ओट्यावर आणि मागच्या परसात चालत जाऊन बघा. आमच्याकडे युनिट कपाटामागून काढून दारालगतच्या फळीवर ठेवल्यावर परसापर्यंत पोचायला लागलं.

लाईट गेल्यावर

इथे बहुतेक लोक फसतात. जाहिरातीत "रिचार्जेबल बॅटरी" लिहिलेलं असतं, पण अनेकदा ती फक्त पालकांच्या युनिटमध्ये असते. बाळाकडचं युनिट सॉकेटवरच चालतं. म्हणून दोन्हींची बॅटरी वेगवेगळी विचारा. बाळाकडच्या युनिटला बॅटरी नसेल तर त्याच्या ॲडॅप्टरवरचं आउटपुट वाचा. ५ व्होल्ट आणि यूएसबी केबल असेल तर पॉवर बँकेवर चालू शकेल. एक गोम आहे: खूप कमी करंट घेणाऱ्या उपकरणाला काही पॉवर बँका "चार्जिंग संपलं" समजून थोड्या वेळाने स्वतःच बंद होतात. तासभर लावून बघितल्याशिवाय विश्वास ठेवू नका. आणि बॅटरी बाजारात मिळणाऱ्या ट्रिपल ए सेलची असेल तर उत्तम, दोन वर्षांनी सेल बदलता येतात.

"अमेरिकेहून आणू का?"

मामेभाऊ न्यू जर्सीहून विचारतो, आपण भावुक होतो. डेक्ट असेल तर नको म्हणा. युरोपात डेक्ट १८८० ते १९०० मेगाहर्ट्झवर चालतं, अमेरिकेत १९२० ते १९३० वर. हा अमेरिकी पट्टा मोबाइलच्या २१०० बँडमध्ये येतो, जिथून फोन टॉवरशी बोलतो. म्हणजे तुमचा मॉनिटर मोबाइल नेटवर्कच्या मध्ये कडमडणार. २.४ गिगाहर्ट्झवाल्याला ही अडचण नाही, फक्त ॲडॅप्टरवर "१००–२४० व्होल्ट" आहे ना ते बघायला सांगा. नुसतं १२० लिहिलं असेल तर आपल्या २३० वर तो जळेल.

पैसे नाहीतच, जुना फोन आहे

चालेल, पण तात्पुरतं. एका फोनवर हॉटस्पॉट लावा, दुसरा त्याला जोडा, मोबाइल डेटा बंद ठेवला तरी दोघांचं एकमेकांशी बोलणं होतं. बाळाकडच्या अँड्रॉइडवर 'आयपी वेबकॅम'सारखं ॲप टाकलं की दुसऱ्या फोनच्या ब्राउझरमध्ये चित्र आणि आवाज येतो. मग दोन्ही फोनच्या सेटिंग्जमध्ये त्या ॲपवरचं आणि ब्राउझरवरचं बॅटरीचं बंधन काढा, नाहीतर अँड्रॉइड पाठीमागे गुपचूप ते बंद करतो. तरीही कॉल आला की आवाज थांबू शकतो, आणि लिंक तुटली तर ओरडणारं कुणी नाही. म्हणजे आमच्या माडीवर झालं तेच. चार्जिंगला लावून सतत कॅमेरा चालवला की फोन तापतो, त्यामुळे तो गादीवर, पाळण्यात किंवा उशीखाली ठेवू नका. बॅटरी फुगलेला फोन तर या कामाला अजिबात नको.

कुठलाही सेट घ्या, वायर बाळाच्या हाताला लागता कामा नये. अमेरिकेची ग्राहक सुरक्षा संस्था पाळण्यापासून किमान ३ फूट अंतर सांगते, कारण गळ्यात वायर अडकून मुलं दगावलेली आहेत. आणि श्वास किंवा ऑक्सिजन मोजणारे महागडे मोजे "झोपेतला मृत्यू टाळतात" असं कुणी म्हणत असेल तर तिकडे पैसे घालू नका. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ च्या सूचनांमध्ये त्यासाठी घरगुती मॉनिटरवर विसंबू नका असंच सांगितलं आहे. त्यांचा भर बाळाला पाठीवर झोपवण्यावर आणि पहिले निदान सहा महिने त्याच खोलीत झोपण्यावर आहे. हे दुसरं आपल्या घरांत तसंही होतंच.

ताईने शेवटी आवाजाचाच सेट घेतला, दोन्हीकडे बॅटरीवाला. वायर काढल्यावर तो वीस सेकंदांत ओरडला. आता लाईट गेली की आई आधी त्याच्याकडे बघते, मग इन्व्हर्टरकडे.