मेट इंदवलीची वाट

वासोट्याला जाणारा ट्रेकर बहुधा शनिवारी सकाळी बामणोलीहून लाँचमध्ये बसतो आणि तासा-दीड तासाने पलीकडच्या काठाला उतरतो. काठावर वनखात्याची चौकी आहे. नावांची नोंद होते, शुल्क घेतले जाते आणि दिवस मावळायच्या आत परत येण्याची ताकीद मिळते. या जागेचे नाव मेट इंदवली. इंदवली हे गावाचे नाव, हे कोणालाही कळते. ‘मेट’ म्हणजे काय, असे विचारणारा क्वचितच भेटतो.

मेट म्हणजे गडाच्या वाटेवरची पहाऱ्याची वस्ती. गडाचा दरवाजा वर असतो, पण गडाची राखण खालून, रानातून सुरू होते. कोण आले, किती आले, ओझे काय आहे, ही खबर वर पोचवणारी माणसे मेटावर कुटुंबकबिल्यासह राहत. ग्रँट डफ १८१८ पासून चार वर्षे साताऱ्याला होता आणि त्याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये प्रसिद्ध झाला. गडांच्या बंदोबस्ताविषयी लिहिताना तो रामोशी, महार, मांग यांचा उल्लेख करतो. चाकरीच्या बदल्यात गडाखालच्या जमिनी त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत. दिवाळीत आपली मुले अंगणात मातीचा किल्ला करतात. त्यात तोफा असतात, मावळे असतात, सिंहासनही असते. मेट मात्र मी आजवर एकाही किल्ल्यात पाहिले नाही.

हे सांगण्याचे कारण ‘निर्जन’ हा शब्द. वासोट्याच्या ट्रेकची कोणतीही हकिगत घ्या, हा शब्द त्यात सापडतोच. आम्ही मित्रमंडळीही गेली पंचवीस-तीस वर्षे सुट्टीचे दोन दिवस साधून या डोंगरांत हिंडतो आणि आमच्याही तोंडी तो असतो. पण इतिहास म्हणून पाहिले तर हे रान निर्जन नव्हते. ते निर्जन झाले, आणि तेही माझ्या वडिलांच्या पिढीच्या डोळ्यांदेखत.

वासोटा आडबाजूला आहे हे खरे. म्हणूनच त्याचा उपयोग तुरुंगासारखा झाला. पण कैदी ठेवायचा तर धान्य वर न्यावे लागते, पहारे बदलावे लागतात, निरोप जावे-यावे लागतात. म्हणजे वाट नांदती लागते. १८०६ च्या सुमारास प्रतिनिधींच्या बंडात ताई तेलिणीने हा गड बापू गोखल्यांविरुद्ध सुमारे आठ महिने लढवला. ताईची कथा सांगताना लोक तिचे शौर्य सांगतात, ते योग्यच आहे. मला त्या कथेतली दुसरी गोष्ट अधिक बोलकी वाटते. गड पडला तो धान्याच्या कोठाराला आग लागल्यामुळे. आठ महिने पुरेल एवढे धान्य या कड्यावर कोणाच्या तरी डोक्यावरून आणि पाठीवरून चढले होते.

पुढे १८१७ च्या युद्धात हंटर आणि मॉरिसन हे दोन इंग्रज अधिकारी पेशव्यांच्या हाती लागले व वासोट्यावर कैदेत राहिले. साताऱ्याच्या राजकुटुंबातील काही मंडळीही तिथेच होती. फेब्रुवारी १८१८ मध्ये आष्टीच्या लढाईत बापू गोखले पडले, छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या ताब्यात आले. एप्रिलच्या आरंभी जनरल प्रित्झलरने उखळी तोफा या जंगलात चढवल्या आणि गड घेतला. ज्या जुन्या वासोट्यावरून गोखल्यांनी मारा केला होता, ती जागा आजही गडावरून समोर दिसते. ट्रेकर तिथे फोटो काढतात.

गडाचे लष्करी महत्त्व संपले, पण वाटा चालू राहिल्या. सातारा जिल्ह्याचे १८८५ चे गॅझेटिअर घाटांच्या यादीत हातलोट, कुंभार्ली, मळे, तिवरा अशी नावे देते. त्यांतल्या कुंभार्लीची मोठी सडक झाली. बाकीच्या वाटांनी कोकणातून मीठ वर येई, देशावरचे धान्य आणि गूळ खाली जाई. वासोट्याहून नागेश्वराच्या गुहेकडे आणि तिथून खाली चोरवण्याला उतरणारी वाटही अशीच. महादेवाला येणाऱ्या कोकणातल्या माणसांनी ती मळलेली ठेवली. आज आपण तिला ‘ट्रेक रूट’ म्हणतो.

मग कोयना आली. महाबळेश्वराजवळ उगवून ही नदी दक्षिणेला हेळवाकपर्यंत जाते, तिथे एकदम पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. तो वळणाआधीचा लांबट, अरुंद पट्टा धरणासाठी नामी होता. पन्नाशीच्या दशकात काम सुरू झाले आणि साठीच्या आरंभी वीज निघाली. आज १०५ टीएमसीचा शिवसागर आणि १,९६० मेगावॅटची क्षमता, हे आकडे शाळेतल्या मुलांनाही पाठ असतात. त्या पाण्याखाली नदीकाठची भातखाचरे गेली. शंभराच्या आसपास गावे उठली. सातारा, सांगली, सोलापूर, ठाणे, रायगड अशी माणसे पांगली. महाराष्ट्राचा प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा १९७६ चा. कोयनेची माणसे त्याच्या बरीच आधी घराबाहेर पडली होती. त्यांच्या नातवंडांना अलीकडेही कोयनानगरला जमिनीसाठी ठिय्या द्यावा लागला आहे.

काही जण गेले नाहीत. पाणी जसे चढले तसे वर सरकले आणि डोंगरउतारावर पुन्हा घरे बांधली. १९८५ मध्ये कोयना अभयारण्य जाहीर झाले आणि त्यांतली कित्येक घरे त्याच्या हद्दीत सापडली. एकदा धरणाने उठवलेली माणसे दुसऱ्यांदा वाघासाठी उठू लागली. मेट इंदवलीहून गडाकडे निघाल्यावर झाडीत घरांची जोती दिसतात, ती या माणसांची. रानात ओळीने लावलेला आंबा किंवा फणस दिसला तर तिथे परडे होते असे समजावे.

सांगली जिल्ह्यात हीच गोष्ट वारणेकाठी घडली. शिराळा तालुक्यातले चांदोली धरण, १९८५ चेच अभयारण्य, २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान आणि २०१० मध्ये कोयना व चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. झोळंबीच्या सड्यावर आता गव्यांचे कळप चरतात. प्रचितगडावर पूर्वी देशावरून पाथरपुंजमार्गे जाता येई. आता गाभा क्षेत्रामुळे ती वाट बंद आहे आणि ट्रेकर कोकणातल्या शृंगारपुराहून शिडीने चढतात. यात वनखात्याला दोष देण्यात अर्थ नाही. रान राखायचे तर माणसांची वर्दळ कमी हवी, हे मलाही पटते. खटकते ते एवढेच, की शुल्क भरून येणाऱ्या पाहुण्याला दिवसभर फिरायची जी मुभा आहे, तिच्यासाठी मूळच्या माणसालाही परवानगी काढावी लागते.

या वाटांचा इतिहास कागदावर फारच तोकडा आहे. गॅझेटिअर घाटांची नावे देते. खिंडीचे, टेप्याचे, पाणवठ्याचे, बुडालेल्या वावराचे नाव त्यात नाही. ते माणसांकडे आहे. १९६० मध्ये जो दहा वर्षांचा होता, तो आज पंचाहत्तरीच्या घरात आहे आणि पुनर्वसनाच्या वसाहतीत ओसरीवर बसलेला आहे. ट्रेकिंगच्या मंडळांकडे तरुण पाय आहेत, नकाशे आहेत, जीपीएस आहे. त्यांनी पावसाळ्याचे चार महिने, वासोटा बंद असतो तेव्हा, या वसाहतींमध्ये जावे आणि एकेका वाटेची नावे उतरवून घ्यावीत. सुरुवात लाँचमध्येच करता येईल. ती चालवणारी बरीचशी माणसे याच खोऱ्यातली असतात, आणि आपले जुने गाव पाण्यात नेमके कुठे आहे हे त्यांना बोट दाखवून सांगता येते.