कोटल्यावरचे अधिकारी

दिल्लीत पोस्टिंग आली की फिरोजशाह कोटला हे नाव कानावरून जातंच. मराठी माणसाला कोटला म्हटलं की अनिल कुंबळेच्या दहा विकेट आठवतात. मला मात्र आधी आठवतात ले. कर्नल हेमू अधिकारी, आडनावाने अधिकारी आणि पेशानेही अधिकारी.

हेमचंद्र रामचंद्र अधिकारी यांचा जन्म ३१ जुलै १९१९ चा, पुण्याचा. महायुद्धाच्या वर्षांत कसोटी क्रिकेट बंद राहिलं, त्यामुळे पहिली कसोटी खेळायला मिळाली ती वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, १९४७ साली ब्रिस्बेनला. बारा वर्षांत कसोट्या एकवीस, धावा ८७२, सरासरी ३१ च्या आसपास. एवढे आकडे वाचून कुणी थांबणार नाही. पण त्यांच्या तीन मोठ्या कामगिऱ्या एकाच मैदानावर, या कोटल्यावर झाल्या, आणि तिन्ही वेळा संघ कुठल्या अवस्थेत होता ते पाहण्यासारखं आहे.

पहिली नोव्हेंबर १९४८ ची, कोटल्यावरची पहिलीच कसोटी. वेस्ट इंडिजने ६३१ धावा केल्या, त्यात चार शतकं. खालच्या क्रमांकावर आलेल्या अधिकारींनी नाबाद ११४ केल्या. ४५४ करूनही फॉलोऑन मिळाला, पण सामना वाचला. हे त्यांचं एकमेव कसोटी शतक.

दुसरी ऑक्टोबर १९५२ ची, भारत-पाकिस्तान पहिली कसोटी. नऊ बाद २६३ असताना गुलाम अहमद आले. शेवटच्या गड्यासाठी दोघांनी १०९ जोडल्या. गुलाम अहमद ५०, अधिकारी नाबाद ८१. विनू मांकडांच्या तेरा विकेटनी भारत डावाने जिंकला आणि इतिहासात नाव मांकडांचं राहिलं, ते योग्यच. पण दहाव्या गड्याचा तो भारतीय विक्रम २००४ पर्यंत टिकला. ढाक्यात सचिन आणि झहीर खानने तो मोडला.

तिसरी फेब्रुवारी १९५९ ची. त्या मालिकेत हॉल आणि गिलख्रिस्टनी आपल्या फलंदाजांना जेरीस आणलं होतं. उम्रीगर, गुलाम अहमद, मांकड असे तीन कर्णधार होऊन गेले होते. मद्रासच्या कसोटीच्या तोंडावर संघनिवडीच्या वादातून उम्रीगरांनी कर्णधारपद सोडलं होतं. मालिका हातची गेलेली, आणि पाचव्या कसोटीत चौथा कर्णधार म्हणून एकोणचाळीस वर्षांच्या अधिकारींना उभं केलं. अशा वेळी कमांड हाती घेणं म्हणजे काय, हे वर्दीतल्या वाचकांना वेगळं सांगायला नको. समोर ६४४ धावांचा डोंगर. त्यांनी ६३ आणि ४० केल्या, लेगस्पिन टाकून तीन गडी बाद केले. उभ्या कसोटी कारकिर्दीत त्यांच्या विकेट एवढ्याच! चंदू बोर्डेंनी १०९ आणि ९६ करून मोठा वाटा उचलला आणि सामना अनिर्णित राहिला. अधिकारींची ती शेवटची कसोटी.

सेनादलाचा संघही त्यांच्याच काळात १९५६-५७ आणि १९५७-५८ अशी लागोपाठ दोन वर्षं रणजीच्या अंतिम फेरीत पोचला. दोन्हीदा हरला. त्यानंतर सेनादलाला अंतिम फेरी दिसलेली नाही.

अधिकारी स्वतः कव्हरला अव्वल क्षेत्ररक्षक होते. १९७१ साली इंग्लंडला गेलेल्या संघाचे ते मॅनेजर. ओव्हलवर आपण जिंकलो तेव्हा चंद्रशेखरच्या गोलंदाजीइतकंच सोलकरसारख्यांनी बॅटसमोर घेतलेल्या झेलांचं मोल होतं. १९७४ ला पुन्हा तेच मॅनेजर, आणि तेव्हा लॉर्ड्सवर ४२ त सर्वबाद. चांगला अधिकारीही प्रत्येक लढाई जिंकत नाही.

२५ ऑक्टोबर २००३ ला मुंबईत ते गेले. फौजेत शिकवतात की हल्ल्याइतकंच माघारीत पिछाडी धरून ठेवणं कठीण असतं. पिछाडी धरणाऱ्याचं नाव विजयाच्या यादीत क्वचितच येतं. म्हणून सरासरीच्या तक्त्यात अधिकारी शोधू नका. नऊ बाद २६३ वर शोधा.