अँटिनोअसची उपासना : ग्रंथ व शिलालेख यांची साक्ष

रोमन बादशहा हेड्रिअन याचा प्रीतिपात्र तरुण अँटिनोअस हा मूळचा बिथिनिया प्रांतांतील. इ. स. १३० च्या आक्टोबरांत मिसर देशीं नील नदींत बुडून तो मरण पावला व मरणोत्तर देव म्हणून पूजिला जाऊं लागला. ही हकीकत बहुधा बादशहाच्या शोकाची कथा म्हणून सांगितली जाते. आम्हांस येथें निराळाच प्रश्न विचारावयाचा आहे. ही उपासना केवळ दरबारच्या धाकानें चालली, कीं लोकांनीं ती आपलीशी केली?

प्रथम ग्रंथ पाहूं. हेड्रिअनचें आत्मचरित्र नष्ट झालें आहे. अँटिनोअस नदींत पडला असें बादशहानें लिहिलें होतें, हें डिओ कॅसिअस सांगतो व खरें पाहतां त्याचा बळी देण्यांत आला असें पुढें जोडतो. परंतु डिओ घटनेनंतर दोन-तीन पिढ्यांनीं लिहीत होता. शिवाय त्याच्या ग्रंथाचा हा भाग अकराव्या शतकांतील झिफिलिनस नामक भिक्षूच्या संक्षेपांतच उरला आहे. 'हिस्टोरिया ऑगस्टा' हा चरित्रसंग्रह त्याहूनही उत्तरकालीन. अँटिनोअसनें बादशहासाठीं आत्मार्पण केलें हा प्रवाद तो नोंदतो आणि त्याच्या नांवें मिळणारे कौल हेड्रिअननेंच रचल्याची वदंता सांगतो. लोक भयापोटीं भजत, असें जस्टिन व अथनेशिअस हे ख्रिस्ती ग्रंथकार म्हणतात. पण परमताचें खंडन हाच त्यांचा हेतु असल्यामुळें ही साक्ष जपूनच घेतली पाहिजे.

पॉसेनिअस या प्रवाशाची साक्ष अधिक मोलाची आहे. आपण अँटिनोअसला जिवंतपणीं पाहिलें नाहीं, मूर्ति व चित्रें मात्र पाहिलीं, असें तो स्पष्ट सांगतो. ग्रीसमधील मंटिनिया येथें त्याचें मंदिर, वार्षिक गूढविधि व ठराविक वर्षांनीं सामने होते. बिथिनियाचे लोक मंटिनियाच्या वसाहतीचे, म्हणून हा मान, असें कारणही तो देतो. नाण्यांची साक्ष याशीं जुळते. अँटिनोअसचीं नाणीं पूर्वेकडील तीसांहून अधिक ग्रीक शहरांनीं पाडलीं. रोमच्या टांकसाळीनें नव्हे.

आतां शिलालेख. रोमच्या दक्षिणेस लानुविअम येथें १८१६ सालीं सांपडलेला इ. स. १३६ चा लेख डायाना व अँटिनोअस यांच्या भक्तमंडळाचे नियम देतो. प्रवेशास १०० सेस्टर्स व चांगल्या मद्याचा एक कुंभ, दरमहा ५ अॅस वर्गणी, आणि सभासद मेल्यास अंत्यविधीसाठीं ३०० सेस्टर्स, असा व्यवहार होता. सभासदांत गुलामही होते. मालकानें गुलामाचें प्रेत देण्यास नकार दिल्यास त्याच्या प्रतिमेचा अंत्यविधि करावा, असें कलम आहे. अँटिनोअसचा जन्मदिवस २७ नोव्हेंबर हेंही याच लेखावरून कळतें. येथें एक शंका रास्त आहे: गांवच्या धनिक आश्रयदात्यानें उत्सवांसाठीं देणगी दिली होती, तेव्हां दैवताची निवड त्याची असूं शकेल. तथापि दरमहा पदरची वर्गणी भरणारांस त्या नांवाखालीं सद्गतीची हमी मिळत होती, हें नाकारतां येत नाहीं.

हेड्रिअननें नीलतीरीं अँटिनोपोलिस नगर वसविलें आणि तेथून लाल समुद्रावरील बेरेनिके बंदरापर्यंत रस्ता काढला. याच बंदरांतून हिंदुस्थानाशीं व्यापार चाले. बादशहा इ. स. १३८ त वारला. तरी तिसऱ्या शतकाच्या मध्यावर ओरिजेन त्या नगरांतील पूजेचें खंडन करीत होता. मेलेल्या बादशहाचें भय शंभर वर्षें टिकत नाहीं.

सारांश, अँटिनोअस कसा मेला याचा निर्णय उपलब्ध साधनांनीं होत नाहीं. बळीची कथा सिद्ध मानूं नये. उपासनेचा आरंभ दरबारांत झाला हें खरें. पण ती टिकली ती नगराभिमानावर व गरिबांच्या गरजेवर, असें आमचें मत आहे. ग्रंथकारांनीं बादशहाकडे पाहिलें. वर्गणी भरणारांची आठवण मात्र दगडानेंच राखिली.