जे वाचले, ते वाचले

आषाढात ज्ञानोबांची पालखी धर्मपुरीपाशी सोलापूर जिल्ह्यात शिरते आणि नातेपुते, माळशिरस, वेळापूर असे मुक्काम करीत पंढरीची वाट धरते. वारकऱ्याची नजर कळसाकडे लागलेली असते. मुक्कामाच्या गावात काय काय आहे हे पाहण्यास त्याला उसंत कोठली? पण आपण मंडळी दिवाळीच्या सुटीत सहकुटुंब त्याच वाटेने मोटारीतून जातो, तेव्हा उसंत पुष्कळ असते. तरी आपली गाडी वेळापुरात थांबते ती चहापुरती!

त्याच वेळापुरात अर्धनारी नटेश्वराचे यादवकालीन देऊळ आहे. तेथले मराठी शिलालेख शके १२२२ आणि शके १२२७ मधले, म्हणजे इ. स. १३०० आणि १३०५ मधले आहेत. काळ कोणता तो पाहा. अलाउद्दीन खिलजीने देवगिरी लुटली १२९६ साली, आणि ज्ञानेश्वरांनी आळंदीला समाधी घेतली तीही त्याच साली. रामदेवराव यादवाचे सिंहासन डळमळीत झाले होते. अशा दिवसांत माळशिरसच्या मुलखात कोणी तरी देवळाच्या कामाची नोंद मराठीत दगडावर कोरवून घेत होते. राज्य पुढे गेले, नोंद राहिली.

अशा नोंदी आमच्या खेड्यापाड्यांतून किती गेल्या असतील? गेल्या त्या सगळ्याच शत्रूच्या घणाखाली गेल्या असे नव्हे. कोणी दगड पायरीला लावला, कोणी धुण्याला घेतला. जीर्णोद्धाराच्या हौसेने कोठे सिमेंट थापले, कोठे तैलरंग फासला. आणि कित्येक ठिकाणी तर भक्तीनेच अक्षरे बुजविली.

वेळापूरहून परतताना वाटेवरच्या एका लहानशा गावात मी एक वीरगळ पाहिला. एक म्हातारी त्याला तेलशेंदूर लावीत होती. थर इतका की दगडावरची माणसे नुसती उंचवट्यासारखी दिसत.

मी विचारले, “आजी, हा देव कोणता?”

“कोण जाणे बाबा. सासूबाई लावायच्या, म्हणून मी लावते.”

मग मी तिला सांगितले, की वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा दगड. खालच्या चौकटीत तो झुंजतो, मधल्या चौकटीत अप्सरा त्याला स्वर्गी नेतात, वरच्या चौकटीत तो महादेवाची पूजा करतो. आणि माथ्यावर चंद्रसूर्य, म्हणजे ते असेपर्यंत ह्याची कीर्ती राहो.

म्हातारीने हात आवरला. थोडा वेळ दगडाकडे पाहून ती म्हणाली, “म्हणजे आपल्यातलाच कोणी तरी पोरगा की हा!”

पुष्कळ वेळा आपण अशा माणसांना अडाणी म्हणून मोकळे होतो. मला तसे म्हणवत नाही. दगड इतकी वर्षे जागेवर राहिला तो तिच्या सासूच्या आणि तिच्या श्रद्धेमुळेच. उणीव एवढीच, की त्याचा अर्थ तिला कोणी सांगितला नव्हता. सांगणे हे आपणा शिकलेल्यांचे काम होते.

हे काम एका माणसाने कसे केले, ते सोलापूर जिल्ह्यानेच पाहिले आहे. आनंद कुंभार यांनी पोटापाण्याची नोकरी सांभाळून गावोगावचे शिलालेख शोधले. १९८८ साली श्रीनिवास रित्ती यांच्यासह त्यांनी जिल्ह्यातल्या कोरीव लेखांचा संग्रह प्रसिद्ध केला. भीमा आणि सीना यांच्या संगमावर हत्तरसंग कुडल येथे देवळाच्या तुळईवर शके ९४० चा, म्हणजे १०१८ सालचा लेख आहे. तोही त्यांनीच उजेडात आणला. त्यातल्या मराठी ओळीचा अर्थ अभ्यासक असा लावतात, की जो हे वाचील तो विजयी होईल. आमच्या भाषेची मौज अशी, की ‘वाचणे’ म्हणजे अक्षर वाचणे, आणि जगणे, तगणेही. जो दगड वाचला गेला, तो वाचला.

झाडांचेही तेच. पालखीच्या वाटेवरच्या वडांनी कित्येक पिढ्यांच्या वारकऱ्यांवर सावली धरली. २०२१ च्या नोव्हेंबरात ह्या पालखीमार्गाच्या चौपदरीकरणाची कोनशिला बसली; रस्ता रुंद झाला, पायी चालणाऱ्यांसाठी कडेला वाट आखली गेली. सोय झाली हे खरे. पण रुंदीकरणात जुने वड गेले हेही खरे. सांगली जिल्ह्यात भोसे येथे मात्र २०२० साली निराळे घडले. चारशे वर्षांचा म्हणून ओळखला जाणारा वड महामार्गाच्या आड येत होता. गावकरी आणि निसर्गप्रेमी झाडापाशी जमले, बोभाटा झाला, आणि आखणी बदलावी लागली. दोन्हीकडे वडच होते. भोशाच्या वडाला आपला म्हणणारी माणसे वेळेवर उभी राहिली, एवढाच फरक.

कायदे आहेत. प्राचीन स्मारकांसाठी महाराष्ट्राचा १९६० चा कायदा आहे. १९७५ च्या वृक्षकायद्यात २०२१ साली पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसावृक्ष म्हणून मान मिळाला. पण तो कायदा नागरी भागापुरता. खेड्यातल्या वडाला आणि बांधावरच्या वीरगळाला शेवटी शेजाऱ्यांचाच आधार.

तेव्हा वाचकहो, फराळाचे ताट बाजूला सारून एक करा. मुले अंगणात मातीचा किल्ला करतीलच. त्यांना एकदा नीरेकाठच्या अकलूजचा खरा किल्ला दाखवा. संभाजीमहाराज पकडले गेल्याची बातमी १६८९ साली औरंगजेबाला पोचली ती अकलूजच्याच छावणीत, हे तेथे उभे राहून सांगा. वेळापूरच्या देवळात अक्षरांवरून बोट न फिरवता, तेल न ओतता, मुलांना शक मोजायला लावा: शकात अठ्ठ्याहत्तर मिळवले की इसवी सन येतो. आपल्या गावचा दगड असेल तर त्याचे छायाचित्र काढून एखाद्या जाणत्याला दाखवा, आणि जो अर्थ कळेल तो देवळाच्या पारावर चारचौघांत सांगा. बारवांचे जतन करणारी मंडळी अलीकडे महाशिवरात्रीला जुन्या बारवांत दिवे लावतात. त्या निमित्ताने पायऱ्यांवरचा गाळ आधी निघतो.

भाऊबीजेला माहेरी आलेल्या लेकीबाळींना आपल्या गावचा वीरगळ कोणाचा, हे सांगता आले पाहिजे. त्यासाठी आधी आपण तो पाहून यायला हवा, आणि चार दिवसांची सुटी त्याला पुरेशी आहे.