कडुनिंबाचे कवकनाशक तेल

कडुनिंबाच्या बियांपासून मिळणारे तेल पिकांवरील काही कवकजन्य रोगांना, विशेषतः भुरीला, प्रतिबंध करते. पानावर त्याचा पातळ थर बसल्याने कवकाच्या बीजाणूंच्या अंकुरणास अडथळा येतो. म्हणून रोग बळावण्यापूर्वी ते फवारणे हितकारक असते. निंबोळीचा पाण्यातील अर्क मात्र मुख्यतः किडींसाठी वापरतात. किडींवर परिणाम करणारे त्यातील प्रमुख द्रव्य ॲझॅडिरॅक्टीन होय.

वनस्पतिज द्रव्यांनी वृक्षरोगांवर उपचार करण्याची परंपरा भारतात जुनी आहे. वराहमिहिरांच्या बृहत्संहितेत (सहावे शतक) झाडाचा रोगट भाग शस्त्राने काढून वावडिंग, तूप व चिखल यांचा लेप देण्यास सांगितले आहे. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील शिरूर, दौंड या कमी पावसाच्या तालुक्यांत कडुनिंब बांधाबांधावर आढळतो. तथापि शेतकऱ्यांनी केलेल्या अशा झाडांच्या वापराची तारीखवार नोंद सहसा होत नाही. या उणिवेचे महत्त्व पुढे एका पेटंटाच्या वादात दिसून आले.

यूरोपीय पेटंट कार्यालयाने १९९४ मध्ये डब्ल्यू. आर. ग्रेस ही कंपनी व अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचे कृषी खाते यांना कडुनिंबाच्या तेलाने कवकनियंत्रण करण्याच्या पद्धतीचे पेटंट दिले. हे तेल जवळजवळ ॲझॅडिरॅक्टीनविरहित असून फवारणीच्या मिश्रणातील त्याचे प्रमाण ०·१ ते १० टक्के होते. वंदना शिवा, यूरोपीय संसदेच्या सदस्या माग्दा आल्व्होत आणि जैव शेती चळवळींचा आंतरराष्ट्रीय महासंघ यांनी १९९५ मध्ये त्यास हरकत घेतली.

केवळ परंपरेचा दाखला अशा वादात अपुरा पडतो. कोणी, कोठे व केव्हा वापर केला आणि तो उघडपणे झाला काय, हे सिद्ध करावे लागते. पुणे व सांगली जिल्ह्यांत १९८५ व १९८६ च्या उन्हाळ्यात निंबोळीच्या अशाच अर्काचे क्षेत्रीय प्रयोग झाले होते. त्यांविषयीची प्रतिज्ञापत्रे व साक्ष सुनावणीत सादर झाली. मे २००० मध्ये पेटंट रद्द करण्यात आले व ८ मार्च २००५ रोजी त्याविरुद्धचे अपील फेटाळले गेले.

या निर्णयाने तेलाची परिणामकारकता ठरविली नाही. ही पद्धत नवा शोध नाही, एवढेच ठरविले. पारंपरिक ज्ञानाची पद्धतशीर नोंद करण्याची निकड मात्र त्यामुळे स्पष्ट झाली. हळदीच्या व कडुनिंबाच्या पेटंटांवरील वादांनंतर भारताने २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाचे अंकीय ग्रंथालय उभारण्यास प्रारंभ केला.