सर्वभक्षी इंजिन

सैन्य पोटावर चालते, असे म्हणतात. विसाव्या शतकात हे पोट इंधनाच्या टाकीत गेले. १९४४ मध्ये दोस्तांच्या विमानांनी जर्मनीचे कृत्रिम इंधनाचे कारखाने उद्ध्वस्त केले आणि शाबूत रणगाडेही जागीच थांबू लागले. मिळेल ते इंधन पचवणाऱ्या इंजिनाचा ध्यास या धास्तीच्या संदर्भात वाचावा, असे आम्हांस वाटते.

तंत्र जर्मनीतूनच आले. ‘मान’ कंपनीतील सिगफ्रीड मॉयरर यांच्या पद्धतीत इंधन मुख्यतः दट्ट्यातील गोलाकार पोकळीच्या भिंतीवर फवारले जाई. तेथून वाफ होत ते क्रमाक्रमाने जळे. त्यामुळे डिझेल इंजिनात पेट्रोलही फारसा खडखडाट न करता चाले. १९६० च्या दशकात अमेरिकी लष्कराच्या अडीच टनी एम-३५ए२ ट्रकांत अशी इंजिने बसली.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस मात्र नाटोने उलट वाट धरली : रणभूमीवर शक्यतो एकच, केरोसीनवर्गीय इंधन. इंजिनाने टंचाईशी जुळवून घेण्याऐवजी पुरवठ्यालाच एकसाची करण्याचे ठरले. एका धोरणाने अभाव गृहीत धरला होता, दुसऱ्याने अखंड पुरवठा. यंत्राच्या इतिहासात आम्हांस प्रतिभेइतकीच त्या त्या काळाची भीतीही वाचता येते, ती अशी.